मागची सीट

प्रेमापोटी माणूस जे करतो, त्याची नोंद इतिहास घेतो. पद्माकर नाडगौडांनी बायकोसाठी लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली. नोंद आरटीओने घेतली. त्या गाडीची मागची सीट कराड येईपर्यंत चार खोल्यांची झाली.

वर्षानुवर्षं स्कूटरवर मागे बसून शैलाबाईंच्या कमरेचं वाटोळं झालेलं. निवृत्तीनंतर नाडगौडांना कन्याकुमारीला जायचं होतं, दोघांनी, दुचाकीवर. बाईंनी अट घातली होती: "आधी नुसतं साताऱ्यापर्यंत बसून बघते. नाही जमलं, तर मी भगिनी मंडळाच्या बसने जाणार. तुम्ही या एकटे, वारा खात."

कोल्हापुरात, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पूजा झाली. वॉचमन बिराप्पा नारळ धरून उभा राहिला. मागच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. पण शॉकअप इतके मऊ, की चाकाने लिंबू फोडलं नाही, अदबीने पुढे ढकललं. लिंबू चाकापुढे घरंगळत हायवेला लागलं.

"लिंबू फुटलं नाही, अहो," हेल्मेटमधल्या स्पीकरवर शैलाबाई म्हणाल्या. "फुटल्याशिवाय निघालो म्हणायचं नसतं."

"फुटेल वाटेत."

नाडगौडांनी सीट गरम करायचं बटण दाबलं. सीट गरम झाली, हातभर लांबली आणि टोकाला स्वयंपाकघर आलं. पाठ टेकायची गादी मागे केली, तशी तिच्यामागे भिंत आली. हात ठेवायच्या उशांबरोबर पडदे आले. टोलनाक्यावरच्या माणसाने वाकून पाहिलं.

"काका, मागं हॉल आहे."

"पुढे दुचाकीच आहे."

"मग जावा की."

"कंबर काय म्हणते?" नाडगौडांनी विचारलं.

"कंबर खूश आहे. तुम्ही कुठे आहात?"

नाडगौडांनी आरशात पाहिलं. शैलाबाई पोस्टाच्या तिकिटाएवढ्या दिसत होत्या. चहा ओतत होत्या. त्यांनी एक कप भरून पुढे धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

कराड मागे पडलं तेव्हा त्यांचा आवाज माहेरहून ट्रंककॉल लावल्यासारखा येऊ लागला. "अहो, बसमध्ये निदान शेजारी कुणीतरी असतं."

नाडगौडांनी पुन्हा आरशात पाहिलं. सातारा जवळ येत होता. पुढच्या सीटवर वारा फार होता.

"बंद करू का एकेक?" त्यांनी शेवटी विचारलं.

"करा. मी भांडी आवरते."

सीट थंड केली, स्वयंपाकघर गेलं. उशा मिटल्या, पडदे गेले. गादी सरळ केली, तशी भिंत पाठीशी येऊन शैलाबाईंना पुढे ढकलू लागली. त्या आधी बाहुलीएवढ्या झाल्या, मग भाचीएवढ्या, मग स्वतःएवढ्या. मग त्यांचा गुडघा नाडगौडांच्या बरगडीत बसला, स्कूटरवर बसायचा तिथेच. खांद्यावर हात आला. हातात कप होता.

"गार झालाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी चालवता चालवता तो प्यायला. आता शॉकअपचंच बटण उरलं होतं.

"हे कडक केलं तर कंबर बोलेल," नाडगौडा म्हणाले.

"बोलू दे. ऐकायला तुम्ही आहात."

त्यांनी बटण दाबलं. गाडी दाणकन खाली बसली. शैलाबाई "आई गं" म्हणाल्या, खांद्यावरची पकड घट्ट झाली, आणि मागच्या चाकाखाली लिंबू फुटलं.

"निघालो एकदाचे," शैलाबाई म्हणाल्या.

बिराप्पाच्या हातात नारळ अजून तसाच होता. गाडी पार्किंगमध्ये होती, त्याच्या खुर्चीपासून हातभर पुढे.