खोड विचारून घेतलेली गाडी

बैल घ्यायचा तर आधी खोड विचारावी, मग जुंपून बघावा, तेव्हाच दोरी हातात घ्यावी. हे मला सासऱ्यांनी शिकवलं, शाळेने नाही. शाळा माझी चौथीतच सुटली. म्हणून जुन्या गाड्या विकणाऱ्या नंदुरबारच्या प्रेमचंदने लाल गाडीवरचं कव्हर ओढून चकाकी दाखवली, तेव्हा मी खोडच विचारली.

तो घुटमळला. मग कपाटातून दुरुस्तीची फाईल काढली, उशीएवढी जाड. माझी नात स्वप्नाली पायरीवर बसून एकेक कागद वाचत गेली. दोनच माणसं मावतील अशी रेसची गाडी, जमिनीला पोट लावून बसलेली. चार गॅरेजं फिरून आलेली. रेडिएटर दोनदा नवा, इंजिन एकदा उघडलेलं. सपाटीला वारा, आणि चढ लागला की उकळते.

स्वप्नालीने डिप्लोमा केलाय, दोन वर्षं अजीज मिस्त्रीच्या गॅरेजात हात काळे करतेय. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या चंदनला, तेच काळे हात डोळ्यात सलतात. तिला बघून गेलेले शहाद्याचे पाहुणे होकाराची वाट बघत होते. मी ती गाडी तिच्यासाठी घेतेय म्हटल्यावर त्याला आयतीच संधी मिळाली.

"गाडी उकळनी ना माय, तर पोरनं गॅरेज बंद. पाव्हणासले हो सांगानं."

"आनि चढनी तर?"

"तर तुन्हा मनसारखं."

मी प्रेमचंदच्या देखत सांगून टाकलं, की तोरणमाळचा घाट चढली तर ठरल्या भावात गाडी माझी, आणि रनाळ्याच्या फाट्यावरची आपली पत्र्याची शेड स्वप्नालीची, तिच्या स्वतःच्या गॅरेजला. पाहुण्यांचं नाव मग ती काढेल तेव्हाच निघेल. पोरीने फाईल मिटली. तिचा अंगठा फाईलचा कोपरा कुरतडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. ती चालवायला, मी शेजारी, गुडघे हनुवटीला. मागे चंदनच्या जीपमध्ये चंदन आणि प्रेमचंद. शहादा सुटेपर्यंत गाडी पाण्यासारखी वाहिली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकू लागला. स्वप्नालीने उकळायची वाट बघितली नाही, गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. मागून जीप आली. चंदन उतरून मोबाईलवर पाहुण्यांचा नंबर शोधायला लागला, मला दिसेल असा.

मी गाडीच्या तोंडासमोर दगडावर बसले. आत पंखा घोंघावत होता आणि गरम झोत सरळ माझ्या तोंडावर. चाळीस वर्षं मी खळ्यावर उभी राहून बाजरी उपणलीय. वारा कुठून येतो आणि कुठे जातो, हे मला कोणी सांगायला नको. मी पदराचं टोक जाळीसमोर धरलं. ते बाहेर उडालं.

"स्वप्ना, हाई गाडी श्वास घेस का सोडस?"

पोरगी पदराकडे बघत राहिली. मग हसली, त्या दिवसात पहिल्यांदा. म्हणाली, मोठी माय, पंखा उलटा फिरतोय. त्याने समोरची हवा आत ओढायची, तर हा ती बाहेर ढकलतोय. सपाटीला वेगाचा वारा त्याला पुरून उरतो, चढाला नाही. कोणीतरी दोन वायरी उलट जोडल्या, आणि चार गॅरेजं इंजिन उघडत बसली.

इंजिन निवेपर्यंत तिने वायरी बदलल्या. पुन्हा चालू केल्यावर मी पदर धरला, तर तो जाळीला चिकटून बसला, सुटता सुटेना.

वर पोचेपर्यंत काटा जागचा हलला नाही. तळ्याकाठी प्रेमचंद पुटपुटला, की आता गाडीत खोडच उरली नाही, तर भाव थोडा बघा. मी म्हटलं, "खोड तू ईकनी, ती मी घिदी. मंग ती मन्ही व्हती, मी काढी टाकी." त्याने खिशातल्या जादा चाव्याही काढून दिल्या. त्या मी स्वप्नालीच्या तेलकट हातात ठेवल्या.

चंदन जीपला टेकून उभा होता. मोबाईल खिशात गेला होता. मी त्याला एकच काम सांगितलं: शेडवर पाटी रंगवणाऱ्याला बोलाव, आणि पोरीचं नाव एवढं मोठं लिहायला सांग, की मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.