जागेवरच उतरायचं

"आवं, सोडा मला! लोकं बघत्यात!" राजाबाई नवऱ्याच्या पाठीवरून ओरडली.

"बघू दे की. चोरीचा माल हाय का?" म्हणत हौसेराव चढाला लागले.

वाशीच्या मार्केटात चौतीस वर्षं त्यांनी लोखंडी हूक लावून गोण्या वाहिल्या. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून महाप्याच्या मागच्या डोंगरात, राखीव रानात झाडांना पाणी घालू लागले, तेही फुकट. 'माझी जांभळं, माझे करंज' ऐकून राजाबाईचे कान किटले होते, पण गुडघ्यांमुळे तिला ते रान पाहता आलं नव्हतं. आज मुलानं, उदयसिंहानं, गाडीनं फाटकापर्यंत आणलं. समोरचा चढ बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमी जावा. माझ्या नशिबात न्हाय," ती म्हणाली. हौसेराव पाठ करून तिच्यापुढे बसले. "हूक तेवढा लावू नका," म्हणत ती शेवटी पाठीवर चढली.

निम्म्या वाटेवर त्यांना धाप लागली.

"बाबा, टेकवा ना जरा! वय काय तुमचं?" उदयसिंह मागून म्हणाला.

"मधी टेकवलं की पुन्हा उचलायला दोन गडी लागत्यात. जागेवरच उतरायचं."

हट्टी माणूस! समोरून कॉलेजची पोरं येताना दिसली, तशी त्यांनी मार्केटातली आरोळी दिली, "बाजू! बाजू!" पोरं दचकून कडेला झाली.

राजाबाईला छातीखाली त्यांची पाठ थरथरताना जाणवत होती. चौतीस वर्षं तिनं त्यांचे मळलेले सदरे धुतले, पण ओझ्याखालचा नवरा कधी पाहिला नव्हता. तिनं ओरडणं थांबवलं. ओझं हलू नये म्हणून ती अगदी स्थिर राहिली.

जांभळांखाली मोठा कातळ होता. तिथं पोचल्यावर हौसेराव नुसतेच उभे राहिले. माल थप्पीवर टाकायची सवय. हळूच ठेवायचं कसं, हे खांद्यांना ठाऊकच नव्हतं. मग कातळाकडे पाठ करून ते इंचाइंचानं वाकले. राजाबाई कातळावर टेकली.

खाली दरीभर झाडी होती, तिच्यापलीकडे खाडी चमकत होती. राजाबाईनं सगळं डोळे भरून पाहिलं.

"मार्केटात रोज असंच चालायचा?" तिनं विचारलं.

"असंच. फकस्त माल बोलायचा न्हाय."

ती हसली. मग पोराची, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता तिनं पदर घेतला आणि नवऱ्याची मान, खांदे सावकाश पुसू लागली.