विहिणीच्या घरची चंची

१९६४ साली मेहकरच्या डॉक्टरांनी शेषरावांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा पाहिला आणि सांगितले, तंबाखू सोडा, नाहीतर याचा कॅन्सर होण्याचा संभव आहे. शेषराव शेतकरी, सुलतानपुरात माझे शेजारी. मी शाळेत विज्ञान शिकवतो.

त्यांनी तीनदा शपथ घेतली. सर्वांत टिकाऊ शपथ नऊ दिवस चालली. मला नवल वाटले नाही. मरण पाच वर्षांनी, चिमूट आत्ता. या दोन गोष्टी मनुष्य एका तराजूत तोलत नाही. मी तंबाखू महाग करण्याचा उपाय सुचवला.

"गुरुजी, तंबाखूले किंमत कुठी हाय?" शेषराव हसले. "पारावर बसलं का चार हात पुढं येतात."

उपाय त्यांच्या पत्नीने, रुखमाबाईंनी काढला. थोरली मुलगी पुष्पा गावातच, चार घरे पलीकडे दिलेली. त्यांच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी पाणीही घेत नाही. रुखमाबाईंनी तंबाखूची चंची विहिणीच्या, अन्नपूर्णाबाईंच्या हाती दिली. शेषरावांनी पारावर जाहीर केले, "मले तंबाखू द्याची असंन त्यानं माह्या विहिणीपाशी द्यावी." गावाला ही गंमत आवडली आणि गावाने ती पाळली.

शेषराव दोनदा त्या दारापर्यंत गेले. अन्नपूर्णाबाई ओसरीवरून विचारत, "काय हो व्याही, पाणी आणू का चंची?" ते परत फिरत. असे चौदा महिने गेले. चट्टा फिकट झाला. एका माणसावरून मी नियम सांगत नाही.

मग पुष्पाला मुलगा झाला. ही शक्यता मी विचारात घेतलीच नव्हती. ती बाळाला घेऊन सासरी परतली, त्या दिवशी शेषराव तिथे पहिल्यांदा जेवले. मीही पंगतीला होतो. जेवणानंतर अन्नपूर्णाबाईंनी चंची त्यांच्यापुढे ठेवली.

"घ्या. आता कायची आडकाठी?"

शेषरावांनी दोरी सोडली. वास माझ्यापर्यंत आला. रुखमाबाई दारातच थांबल्या. शेषरावांनी दोरी पुन्हा बांधली.

"दुसरबीडची एसटी कितीले हाय?"

धाकटी वच्छला याच उन्हाळ्यात दुसरबीडला दिली होती.

"आन् तिलेबी पोरगं झालं म्हंजे?" अन्नपूर्णाबाईंनी विचारले.

"दीड वर्स तं हाय ना हातात!"

एसटी चाळीस मिनिटे उशिरा आली. तोवर थांब्यावर चंची माझ्या हातात होती. शेषरावांनी ती दोनदा मागितली. मी दोनदा घड्याळ दाखवले.