येनाच्या पोटातलं पाणी

नारळ फोडून, मंत्र म्हणून बाहेरगावच्या महाराजांनी येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या, खोडावर कुऱ्हाड मारली आणि पाण्याची धार उडाली. ‘माय पावली!’ म्हणत बपेरा गावाकडची शंभरेक माणसं वाळक्या पाचोळ्यात आडवी झाली. जून सरत आलेला, आभाळ कोरडं ठाक, आणि झाड पाणी देत होतं!

महाराजांची जीभ धारेहून जोरात वाहत होती. ‘आठ दिवसांत पाऊस! तलावाचं पाणी कायले सांभाळता? सोडा बांधीत, टाका धानाचे पऱ्हे!’ महाराजांना ना धानाची बांधी, ना बैल. त्यांचं काय जात होतं?

गावातली प्रतिक्षा गर्दीतून पुढे आली. तीन वर्षांपासून ती पट्टी लावून याच झाडांचा घेर आणि मातीतली ओल मोजून अभ्यासकांना पाठवत होती. महिनाभरात खोडं आवळली होती, माती हातभर खोल कोरडी होती. तीन आठवडे पाऊस नाही, असा हवामान खात्याचा अंदाज होता. पुढच्या वर्षांत असे कोरडे दिवस वाढणारच होते. गावची ढोरं तलावातल्या गुडघाभर पाण्यावर जगत होती आणि त्या तलावाचं पाणी सोडायचं दार राखणदार डोमामामाच्या हाती होतं.

‘मामा, दार उघडू नका.’

‘तुह्या पट्ट्यांनी पाऊस आला काय, पोरी? झाड पाह्य ना, पाणी देऊन राह्यलं!’

तिने कुऱ्हाड उचलली. पलीकडे खोडावर फुगवटा आलेला दुसरा येन होता. मंत्र नाही, नारळ नाही. एक घाव आणि तशीच धार.

म्हातारी बायजाबाई हसली. ‘मोहा वेचताना तहान लागली का आमी असंच पेत होतो. फुगलेला येन पाहाचा, बस.’

‘मंग सांगितलं काहून नाही?’ डोमामामा म्हणाला.

‘मले कोण इचारते आता!’

‘उन्हाळ्यासाठी झाड पोटात पाणी साठवते,’ प्रतिक्षा ओरडली. ‘पावसाचा सांगावा नाही हा. त्याचा शेवटचा घोट आहे!’

महाराजांची मोटारसायकल तेवढ्यात सुरू झाली. डोमामामाने मात्र प्रतिक्षाचा हात धरला. ‘सकाळीच महाराजानं मले अशीच एक धार दाखवली, तवाच मी दार उघडलं व.’

सगळे तलावाकडे धावले. दार खाली पाडून बंद केलं तेव्हा घोट्याएवढं पाणी उरलं होतं. बाकीचं तापल्या बांध्यांनी पिऊन टाकलं होतं. प्रतिक्षाने काठी बुडवली, हिशोब केला आणि तिला रडू फुटलं.

‘किती दिवस?’ मामाने विचारलं.

‘नऊ.’

 तलावाच्या पाळीवर टेकलेला मामा उठला. ‘महाराजाले शिव्या देऊन ढोरं जगत नाहीत. मी धार पाह्यली, पोरीचं मोजमाप नाही पाह्यलं. चमत्कार दिसला तं हात जोडाच्या आधी डोकं चालवा, बाप्पा.’

बांधीतलं थोडं पाणी तरी परत आणता येतं का, म्हणून तो बादली घेऊन खाली उतरला.