सुतारणीचं बोलणं

सुतारणीचं आणि तिच्या नवऱ्याचं सकाळीच वाजलं. सुतार रंधा मारता मारता म्हणाला, "आमदाराकडे जाऊन काय दिवे लावणार आहेस? गाव दर खेपेला जातं आणि चहा पिऊन परत येतं."

"तुम्ही सगळे एकदम कालवा करता. एक रस्ता काढतो, दुसरा लाईट, तिसरा पोराची नोकरी. त्या माणसानं ऐकायचं तरी कुणाचं? आता मी बोलते. एकच बोलते, खाण."

गावाच्या डोक्यावरच दगडाची खाण होती. दुपारी सुरुंग उडाला की पत्रे थडथडायचे, भिंतींची माती भुरूभुरू गळायची. सुतारणीची सासू अंथरुणाला खिळलेली. तिच्या उशाच्या भिंतीला भेग पडली होती. आधी भेगेत बोट जायचं, आता पंजा जात होता. म्हातारीला हलवावं तर घर म्हणजे एक खोली आणि बाहेर लाकडानं भरलेली पडवी.

शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी सुतारणीला तयार केलं. "रडायचं नाही. शिव्या द्यायच्या नाहीत. आपण कोण, झालं काय, पाहिजे काय, एवढंच. आणि कधी करणार ते कळल्याशिवाय उठायचं नाही." चूल फुंकताना, भुसा झाडताना ती तेच घोकत राहिली. शेवटी सासू म्हणाली, "मला पाठ झालं गं. मलाच ने तिकडं."

आमदाराच्या दारात चपलांचा ढीग आणि बैठकीत माणसांची दाटी. सुतारणीची पाळी आली. तोंड उघडल्यावर शब्द आपसूक आले.

"साहेब, मी सुताराची बायको. खाण आमच्या घरापासून हाकेवर आहे. सुरुंगानं भिंत फुटलीय. त्या भिंतीखाली माझी सासू निजते, तिला उठून पळता येत नाही. सुरुंग थांबवा. खोटं वाटत असेल तर एकदा भर दुपारी येऊन त्या भिंतीजवळ बसा. कधी येता, तेवढं सांगा."

आमदारानं फोन खाली ठेवला.

"वा! याला म्हणतात बोलणं. आमचे कार्यकर्ते तासभर घसा फोडतात, कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही." त्यानं शेजारच्या माणसाला खूण केली. "ताईंना पुढच्या सभेत व्यासपीठावर घ्या. बायकांसमोर बोलतील."

"बोलीन की, साहेब. पण तुम्ही कधी येता?"

"अहो ताई, खाणीची परवानगी वरून आहे. माझ्या हातात काय? पण विषय मांडतो मी."

"कधी?"

"मांडतो ना!" आणि त्यानं पुढच्या माणसाकडे तोंड वळवलं.

सुतारीण बसून राहिली. मागची माणसं चुळबुळायला लागली. कुणी हाताला धरून उठवलं नाही. सोबत आलेल्या मास्तरांनीच हळूच तिच्या कोपराला हात लावला. "चल बाई."

परतीच्या गाडीत मास्तर म्हणाले, "एक शब्द चुकली नाहीस."

"मग चुकलं कुठं, मास्तर?"

ती घरी पोचली तेव्हा सुरुंगाची धूळ अजून खाली बसली नव्हती. सुतार टोमणा मारायच्या तयारीतच उभा होता, पण बायकोचं तोंड बघून त्यानं तो गिळला. काही न विचारता त्यानं पडवीतल्या फळ्या उचलून अंगणात टाकायला सुरुवात केली. तिनं पदर खोचला. गिऱ्हाइकाची अर्धी झालेली दारंसुद्धा उघड्यावर गेली, तेव्हा कुठं खाटेपुरती जागा झाली. दोघांनी म्हातारीला खाटेसकट बाहेर आणलं.

"काय म्हणाले गं साहेब?" म्हातारीनं विचारलं.

"बोलणं आवडलं म्हणाले."

"मग झालं की काम!" म्हातारी बोळकं पसरून हसली.

पडवी तिन्ही बाजूंनी उघडी, वारा सरळ आत येत होता. तिनं म्हातारीचे पाय चादरीत गुंडाळले आणि कडा घट्ट खाली खोचल्या.