दुसरी वेलांटी

माझ्या दुकानात पंचवीस वर्षं एक पाटी टांगलेली होती: ‘येथे अशुद्ध लिहून मिळणार नाही.’ मी पाट्या रंगवतो. लोक तोंडावर पेंटर म्हणतात आणि पाठीमागे मास्तर, कारण गिऱ्हाइकाच्या चुका मी न विचारता दुरुस्त करतो. एका दूधवाल्याने पाटीवर ‘दुध’ लिहायला सांगितलं, मी ‘दूध’ लिहिलं. तो भांडायला आला. म्हटलं, बाबा रे, पहिल्या उकाराचं दूध पाणी घातल्यासारखं दिसतं. तो आल्या पावली परत गेला. बहुतेक घालत असावा.

तर असा मी एका बुधवारी बँकेत कर्ज मागायला गेलो. दुकानाची खोली भाड्याची, आणि मालकीणबाई ती विकायला निघाल्या होत्या. ‘पहिला मान तुमचा. शनिवारी दुपारपर्यंत सांगा, नाहीतर बुटांच्या दुकानवाल्याला देऊन टाकते,’ म्हणाल्या. अर्धी हयात त्या खोलीत गेली. नव्याने दुकान मांडायचं आता वय नाही. खोली गेली की मी घरी, आणि मी दिवसभर घरी म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

बँकेतली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. संगणकात बघून तिने तोंड बारीक केलं.

‘काका, तुमची पत फार वाईट आहे हो.’

‘माझी? आयुष्यात एकच कर्ज काढलं, लेकीच्या शिक्षणाचं. एक हप्ता चुकवला नाही.’

‘ते आहे ना इथे. पण त्यानंतर टेम्पो घेतलात, मोठा फ्रिज घेतलात आणि मसाजची खुर्ची. सात महिन्यांत एक पैसा भरला नाही.’

‘अगं पोरी, मला सायकल चालवता येत नाही. टेम्पो काय डोक्यावर घेऊन फिरतो? हा दुसरा कुणीतरी आहे.’

‘नाव, वडिलांचं आद्याक्षर, आडनाव, सगळं जुळतंय. जन्मसालसुद्धा.’

‘आणि तारीख? महिना? पत्ता?’

‘साल जुळलं की मशीन पुढे बघत नाही, काका.’

तिने मला पतनोंदणीच्या कचेरीत पाठवलं. तिथला कारकून टाचणीने कान कोरत बसला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तुम्ही तो नाही, याचा पुरावा आणा.’

‘मी मी आहे, याचा आणलाय.’

‘त्यावर वादच नाही. तुम्ही तुम्ही आहातच. पण तोसुद्धा तुम्हीच आहात, असं आमचं म्हणणं आहे.’

मी टेबलावर हात आपटला. टाचणी थांबली.

‘ओरडू नका. तक्रार लिहून द्या, नव्वद दिवसांत उत्तर येईल.’

‘अहो, शनिवारी माझं दुकान जातंय!’

त्याला दया आली असावी. तो जरा पुढे वाकला. ‘एक सांगू? त्याचं दुकान आहे. दुकानाच्या परवान्यावर त्याचं नाव एका अक्षराने जरी वेगळं निघालं, तरी आजच्या आज दोन्ही खाती तोडतो. काना, मात्रा, वेलांटी, काहीही चालेल. पण इथे सगळं तंतोतंत आहे.’

‘वेलांटीसुद्धा?’

‘पहिली. ऱ्हस्व. तुमच्यासारखीच.’

माझ्या नावातली वेलांटी निम्मं गाव दुसरी काढतं, दीर्घ. म्हणून मला उगाच त्या भामट्याबद्दल आदर वाटला. निदान शुद्ध तरी लिहितो! मी त्याचा पत्ता उतरवून घेतला आणि गुरुवारी सकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलो, चार शब्द सुनावायला.

गाद्या-उशांचं दुकान होतं. पाटीकडे बघितलं आणि सुनावायचे चारही शब्द विसरलो. ती अक्षरं माझी होती; इतक्या वर्षांच्या पाट्यांत ही मी साफ विसरलो होतो. कोपऱ्यात माझी बारीक खूण, आणि मधोमध मोठ्या निळ्या अक्षरांत माझं नाव.

आतून माझ्याच वयाचा एक माणूस कंबर धरून बाहेर आला.

‘अरे, पेंटर! दहा-अकरा वर्षांनी आलात. बसा ना.’

त्याने मला मसाजच्या खुर्चीत बसवलं. माझ्याच नावावरची खुर्ची माझी पाठ घुसळू लागली, आणि मी हलत हलत विचारलं, ‘तुमचं नाव... असंच लिहिता?’

‘छे! माझी दुसरी वेलांटी. जन्माच्या दाखल्यावर तीच आहे. वडिलांनी ठेवलेलं नाव. पण पाटी रंगवताना तुम्हीच म्हणालात ना, “माझंही हेच नाव आहे, ते पहिल्या वेलांटीनेच लिहितात, मला शिकवू नका.” मग परवान्याचा तपासनीस आला, त्याने पाटीवरून नाव उतरवून परवाना केला. परवान्यावरून बँकेने कर्ज दिलं. वर म्हणाले, तुमचा आधीचा व्यवहार फार चोख आहे. मला कळेना, कधी केला मी?’

मी खुर्ची बंद केली.

‘मग तेव्हाच भांडला का नाहीत?’

‘शिकलेल्या माणसाशी काय भांडायचं? आई मात्र चिडली होती. पाटीकडे बघायची आणि म्हणायची, हे दुकान माझ्या लेकाचं नव्हे. गेली बिचारी तसंच म्हणत.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भामटा शोधायला आलो होतो, आणि तो मला पाटीच्या कोपऱ्यात सापडला.

‘शिडी आहे?’ मी विचारलं.

रंग आणायला माझ्याच दुकानात जाऊन आलो. पहिली वेलांटी पुसली, दुसरी काढली. खालून तो म्हणाला, ‘पेंटर, जरा मोठी काढा, लांबून दिसायला हवी.’ मोठी काढली.

शुक्रवारी आम्ही तपासनिसाला बोलावून आणलं. जन्माचा दाखला पुढे केला तर म्हणाला, ‘कागद नको, पाटी दाखवा.’ वर बघून दोन मिनिटांत नवा परवाना लिहिला. कारकुनाने वेलांटी पाहिली आणि खाती तोडली. थकलेल्या हप्त्यांचं काय करायचं, ते आता गादीवाला आणि त्याची बँक बघून घेतील. टेम्पो विकतो म्हणत होता. शनिवारी अकरा वाजता बँकेतल्या मुलीने दिलेलं कर्जमंजुरीचं पत्र घेऊन मी मालकीणबाईंच्या दारात उभा राहिलो. माझी खोली माझी झाली.

सोमवारी मी दुकानातली ती ‘अशुद्ध’ची पाटी उतरवली. नेमका तोच दूधवाला त्याच्या पाटीला नवा रंग मारून घ्यायला आला होता. त्याने रिकामी भिंत बघितली आणि त्याचे डोळे चमकले.

‘म्हणजे आता ‘दुध’ पहिल्या उकाराचं?’

‘गप रे. दूध सगळ्यांचं आहे, ते मी लिहीन तसंच राहील,’ मी म्हणालो. मग स्टूल पुढे ओढलं आणि त्याच्यासमोर बसलो. ‘पण नाव तुझं आहे. सांग, एकेक अक्षर, सावकाश. आणि वेलांटी कुठली, तेही सांग.’