मूठ माफ

"मोदलु मूठ, मग भाकर."

सासूचा हा आवाज महानंदाला अजून ऐकू यायचा. लक्ष्मम्माला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ती निलंग्याच्या पल्याडची, कानडी मुलखातली. रागाला आली की तिची मराठी सुटायची. मोदलु म्हणजे आधी. नवी नवरी महानंदा पहाटे जात्यावर बसली, की लक्ष्मम्मा अंथरुणातूनच हाक द्यायची. आधी मूठभर ज्वारी मठाच्या मडक्यात, मग आपल्या दळणाला हात. मूठ कमी भरली तर म्हणायची, "ही मूठ हाय का चिमूट?"

लातूर जिल्हा झाला त्या साली महानंदानं मठाच्या मडक्याशेजारी दुसरं मडकं मांडलं. हिंगणवाडीच्या खालच्या वस्तीत, विहाराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत पंचफुला नावाची सातवी शिकलेली सून बालवाडी चालवत होती. पोरांचे आईबाप रोजानं जायचे. पोरं सकाळी उपाशी यायची आणि दहा वाजले की गाणं म्हणता म्हणता पेंगायची. महानंदा एकदा बघायला म्हणून गेली, आणि घरी येऊन मडकं मांडून बसली. तिचं बघून महिला मंडळातल्या बायकांनी मडकी मांडली, त्यांचं बघून शेजारणींनी. दर सोमवारी महानंदा पोतं काखेत मारून घरोघर फिरायची. कुणाचा शाळू, कुणाची हायब्रीड, कुणाची बाजरी, सगळं एकाच पोत्यात. पंचफुलाच्या जात्यावर त्याच्या कण्या भरडायच्या, गूळ घालून शिजवायच्या आणि जर्मनच्या ताटल्यांतून एकतीस पोरांपुढं मांडायच्या. ऊन कण्यांचा वास सुटला की ओढ्यापलीकडची कुत्रीसुद्धा बालवाडीत नाव घालायला येतात, असं पंचफुला म्हणायची.

वस्तीतल्या बावीस घरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आमचीबी मूठ पायजे. सगळ्यांत आधी बोलली ती नागुबाई. महानंदाच्याच वयाची, खडी फोडून हात रुंद झालेली. "माझी एक मूठ तुमच्या दीड मुठीएवढी हाय अक्का, पोतं नीट धरा," म्हणायची आणि मोठ्यानं हसायची. कण्या भरडताना ओवीही तिनंच जुळवली :

पहिली माझी मूठ गं, गावाच्या लेकराला
उरलंसुरलं दाणं, माझ्या गं पदराला

ओवी वरच्या आळीतही गेली. कुणी जुळवली, हे तिथं कुणी विचारलं नाही.

चौथ्या साली पाऊस रुसला. जिल्हा जवळ आला आन् पाणी लांब गेलं, असं लोक म्हणू लागले. साहेबाला भेटायला आता उस्मानाबादची गाडी धरावी लागत नव्हती. पण घागरभर पाण्यासाठी बायका टँकरच्या वाटेवर अर्धा दिवस बसायच्या. सरकारी अंगणवाडीचा अर्ज लातूरला देऊन वर्ष उलटलं होतं. घरोघरची मूठ चिमटीवर आली. महिन्यातले पंधरा दिवस तर कण्या शिजायच्या त्या शरणप्पाच्या पोत्यावर.

शरणप्पा गावचाच, लातूरच्या बाजारात त्याची आडत. बालवाडीचे पत्रे त्यानं दिलेले, ताटल्या त्यानं दिलेल्या, आणि दिल्याचं त्यानं कधी बोलून दाखवलेलं नव्हतं. फेब्रुवारीत पोतं उतरवून देताना मात्र तो घुटमळला.

"वैनी, एक सांगू का? रागाला येऊ नका. खालच्या वस्तीचं दाणं वेगळ्या पोत्यात ठेवत जा."

"का बरं?"

"आपल्या आळीतलीबी चार पोरं आता तिथं खायला जात्यात. बायका बोलत्यात. मला काय हो, मी आडत्या माणूस. माझ्या ढिगात समद्या गावची ज्वारी एक होती, कोणती कुणाची ते महादेवालाबी कळायचं न्हाई. पण बाया म्हणल्यावर…"

महानंदा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पोत्याचं तोंड बांधत राहिली.

दोन पोती घेऊन निघायचं, तर नागुबाईच्या दारात कुठलं पुढं करायचं? बावीस घरांसाठी वेगळं पोतं म्हटलं की आंधळ्यालाही दिसणार. एकच न्यावं, तर शरणप्पाचं पोतं बंद होणार आणि पोरं पंधरा दिवस उपाशी. सोमवारपर्यंत तिनं यातून एक वाट काढली. वाट सोपी होती, आणि बघणाऱ्याला ती चांगुलपणाचीच दिसली असती. वस्तीच्या तोंडाशी तिला पंचफुला भेटली, तिथूनच तिनं सांगून टाकलं, "यंदा वस्तीची मूठ माफ. दुष्काळ हाय, तुमच्या पोटातलं कुठं काढता?"

दोघीतिघी बायका बरं वाटून आत गेल्या. नागुबाई दारात उभी होती, पदरात मूठ धरून. महानंदानं तिला पाहिलं, आणि काखेतलं पोतं सावरत वळली.

मंगळवारी नागुबाईची सिंधू बालवाडीत आली नाही. बुधवारीही नाही. सिंधू म्हणजे चार वर्षांची, नागुबाईचं शेंडेफळ. गाण्यात सगळ्यांच्या आधी सुरू करायची आणि सगळ्यांच्या नंतर थांबायची.

"आजारी हाय का?" महानंदानं विचारलं.

"आजारी कशाची," पंचफुला म्हणाली. "नागुआत्या कामावर घेऊन चालली संगं. मी दोनदा गेले बोलवायला. म्हणली, अक्कालाच इचार. अक्का, काय झालंय तुमच्या दोघींत?"

"मला काय ठाव," महानंदा म्हणाली.

गुरुवारी ती स्वतः गेली. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम चाललं होतं. नागुबाई पाय पसरून दगडावर हातोडी मारत होती. दोन काठ्यांवर जुनं लुगडं ताणून केलेल्या सावलीत सिंधू बसली होती. भुवईवर टवका उडून रक्त सुकलेलं, ओठांवर दगडाची पांढरी भुकटी. बारीक खडी ओळीनं मांडून ती एकटीच बालवाडी भरवत होती.

"अक्का? बसा की. पाट न्हाई, दगड हाय."

"पोरगी इथं काय करायली? डोळा गेला असता तिचा."

"गेला न्हाई. जिथं आमची मूठ चालत न्हाई, तिथं आमच्या लेकराचं तोंड कसं चालंल?"

"अगं, दुष्काळ म्हणून माफ केली…"

"दुष्काळ?" हातोडी थांबली. "आमच्याकडं दुष्काळ पाव्हणा न्हाई अक्का, सोयरा हाय. आला की मुक्कामच करतो. म्हणून आमी दाराला कडी घातली का कधी?"

बाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"गुरम्माची मूठ घेतली का न्हाई तुमी?" नागुबाईनं विचारलं.

गुरम्मा वरच्या आळीतली एकटी विधवा. शेजाऱ्यांच्या भाकरीवर दिवस काढायची. याच सोमवारी महानंदानं तिच्या हातून घेतली होती, मूठ कसली, अर्धीच.

"घेतली," महानंदा म्हणाली.

"बगा. तिच्या घरी चूल पेटंना, तिला माफी न्हाई. माझ्या घरात ह्या कामाच्या मजुरीत मिळालेला गहू हाय, मला माफी. ह्यो कुठला दुष्काळ हो, वरच्या आळीला वळसा घालून खालीच पडलेला?"

महानंदानं खाली बघितलं.

"चार वर्सं झाली," नागुबाईचा आवाज आता उतरला होता. "पोरांना वाढता, तोंडं पुसता, शेंबूड काढता. न्हाई कोण म्हणतंय? पण त्यातल्या दोन कण्या कधी तोंडात टाकल्या का?"

"माझा सोमवार असतो, नागुबाई."

"सोमवार आठवड्यातनं एकदाच येतो, अक्का."

आता कुणी हसलं नाही. लुगड्याच्या सावलीतून सिंधूनं विचारलं, "अक्का, आज गूळ हाय का कण्यात?" नागुबाईनं हातोडी उचलली आणि दगडावर जोरानं मारली. महानंदा घराच्या वाटेला लागली.

घरी आल्यावर तिनं दुपारची भाकरी तशीच झाकून ठेवली. सिंधूची ताटली बालवाडीत पालथी पडली होती, ती डोळ्यांपुढून हलेना. एका दुपारी टवका भुवईवर बसला. दुसऱ्या दुपारी कुठं बसेल, हे कुणी सांगावं?

रविवारी शरणप्पा गावात आला, तेव्हा ती त्याच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली.

"अप्पा, उद्यापासून समद्यांचं दाणं एकाच पोत्यात घेणार हाय. वस्तीचंबी."

शरणप्पानं सुपारी कातरता कातरता मान वर केली. "मग माझं पोतं कशाला त्यात? माझं ऱ्हाऊ द्या आडतीवर."

"पंधरा दिवसांचं खाणं हाय ते पोरांचं."

"मला ठाव न्हाई का? म्हणून तर मधला मार्ग सांगितला, वैनी. वेगळं ठेवा म्हणलो. नको म्हणलो का? कुणाचं दार सोडा म्हणलो का मी?"

महानंदा परतली. चांगला माणूस होता शरणप्पा, असं तिला वाटेतही वाटत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

सोमवारी ती वरच्या आळीतून निघाली नाही. ओढा उतरून आधी वस्तीत गेली, काखेत एकच पोतं घेऊन. नागुबाई कामावर निघण्याच्या बेतात होती. डोक्यावर पाटी, पाटीत हातोडी. तिच्या लुगड्याला धरून सिंधू. पोत्याचं तोंड उघडून महानंदा दाराशी थांबली, तशा शेजारच्या चारसहा बायका बाहेर आल्या. पंचफुलाही आली.

"अक्का, एका आठवड्यात दुष्काळ सरला वाटतं?" नागुबाई म्हणाली.

"सरला न्हाई. मूठ घाल, नागुबाई."

नागुबाईनं पाटी खाली ठेवली. आत गेली, मूठ भरून आली. पोत्यावर हात धरला, पण बोटं सोडली नाहीत.

"घालते की. आधी सांगा, त्या सोमवारी मला दारात बघून माघारी का वळलात? खरं सांगितलं तर ही मूठबी तुमची, आन् ही पोरगीबी आत्ता तुमच्या मागं येती. लबाड बोललात तर दोन्ही माझ्याच घरात."

महानंदाचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. तिनं तो खाली घेतला. शरणप्पाचं नाव जिभेवर तयार होतं. एवढं एक नाव घेऊन ती थांबली असती, तर बायकांनी त्यालाच धरलं असतं आणि ती मोकळी झाली असती. सिंधू तिच्या तोंडाकडं बघत होती.

"शरणप्पा म्हणले, खालच्या वस्तीचं दाणं वेगळ्या पोत्यात ठेवा," महानंदा म्हणाली.

बायकांत कुजबुज उठली. कुणीतरी शिवी दिली. नागुबाईची मूठ घट्ट झाली, पण नजर हलली नाही.

"त्यांचं पोतं आता यायचं न्हाई, तेबी ऐकून ठेवा. कसं भागवायचं ते मिळून बघू. पण ऐक, नागुबाई. त्यांनी वेगळं ठेवा म्हणलं व्हतं, सोडा म्हणलं न्हवतं. त्यांना न्हाई म्हणायची माझी हिंमत झाली न्हाई. आन् दोन पोती घेऊन तुझ्या दारात उभं ऱ्हायची लाज वाटली. म्हणून दुष्काळाचं नाव घेतलं, आन् दया केल्यावानी घरी गेले. तुझं दार सोडलं ते मीच."